वास्त्याचं वय

परवा चामोर्शीच्या बाजारात या वर्षीचे पहिले वास्ते आले. श्रावणाच्या सुमाराला बांबूच्या बेटातून जे कोवळे कोंब वर येतात, त्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात. मी आता वास्ते विकत नाही. हिरडा, मोहफूल, चारोळीचं माझं स्वतःचं दुकान आहे. पण हंगामाची पहिली टोपली दिसली की पाय थांबतात. खाली वाकायचं आणि कोंबाच्या बुडख्यात अंगठ्याचं नख रोवायचं. नख आत शिरून पाणी आलं तर कोंब कोवळा. नख वाकलं तर समजायचं की कापायला दोन दिवस उशीर झाला, आता ती भाजी नाही, लाकूड आहे.

टोपलीवाली कुरकुरली, "नख मारून मारून सारे खराब करता व बाई तुमी."

"जो नख मारू देत नाई त्याचा माल घ्याचा नाई, हे मी तुह्या जन्माच्या आंधी शिकली," मी म्हटलं आणि भाव पाडून दोन वाटे घेतले. भाव न पाडता आणलेली भाजी मला गोड लागत नाही. स्वभावच तसा.

घरी येऊन ते सोलायला बसले. वरची काळी टरफलं अंगाला लागली की खाजतात, म्हणून पदर खोचून, हाताला तेल लावून बसावं लागतं. आतला पांढरा गाभा उघडा पडला की त्याचा तो आंबूस, ओलसर वास येतो. तो वास आला आणि मी पुन्हा सोळा वर्षांची झाले. कागदावर अठराची.

त्याच आठवड्यात एक तरुण अधिकारी मुलगी दुकानात येऊन गेली होती. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी तिच्या खात्याकडे राहायची सोय आहे, शिकायची सोय आहे, विचारपूस करायला माणसं आहेत. "पण मुलं येतच नाहीत, मावशी. फोन उचलत नाहीत. पत्ता खोटा देतात. तुम्ही त्या काळात मदत घेतली, असं कळलं. का घेतली?" तिनं एक छापील कागद ठेवला. प्रश्नाखाली तीन रेघा मोकळ्या होत्या. मी तिला चहा पाजला आणि म्हटलं, "तीन रेघांत बसायचं नाही, पाहते." कागद अजून गल्ल्याखाली आहे.

तेव्हा गडचिरोली नुकताच चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला होता. आमचं बालगृह वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूरच्या बाजूला. चाळीस मुली, एक घंटा, एक विहीर. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. देणगीदार आले की धुतलेले फ्रॉक घालून गाणं म्हणायचं आणि त्यांनी आणलेल्या जुन्या स्वेटरसोबत फोटो काढून घ्यायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

ज्यांच्या जन्माची तारीख कुणाला माहीत नसते, त्यांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख लिहून टाकत. खेड्यात अर्धा वर्ग एक जूनचा. घरच्या मुलांना त्यानं काही फरक पडत नाही. आम्हाला पडायचा, कारण अठरा पूर्ण झाले की बाहेर असा नियम. त्यामुळे दर एक जूनला आमच्यातल्या दोघी-तिघींचा वाढदिवस आणि पाठवणी एकाच सकाळी व्हायची. लिंबाचं सरबत, एक पेढा, पत्र्याची पेटी, सतरंजी, आणि वस्तू मिळाल्याची सही.

त्या वर्षी कमल आणि मी होतो. कमलला घ्यायला सिंदेवाहीकडचा कुणी दूरचा मामा आला होता. तिनं त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. जाताना तिनं आपला पेढा माझ्या हातात दिला. "तुले आवडते ना व, शेवंता," म्हणाली. मी तो खाल्ला. याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी तक्रार साधी होती. मी अठराची नव्हतेच. बालगृहाच्या वहीत माझ्या नावापुढं "वय अंदाजे सहा" असं लिहिलेलं होतं, आणि मला पहिलीत बसवलं होतं. पहिलीत मी दोनदा नापास झाले. गुरुजी मला मठ्ठ म्हणत, मग मुलीही म्हणू लागल्या. पण माझा पहिला दात पडला तो बालगृहात, त्या नोंदीनंतर अडीच वर्षांनी. विहिरीच्या काठावर पडला, मला ती जागा आठवते. साडेआठ वर्षांच्या मुलीचा पहिला दात पडतो का? हा हिशेब मी चौदाव्या वर्षी मांडला. मी मठ्ठ नव्हते, मी चार वर्षांची होते. आता त्याच खोट्या आकड्यावर मला दोन वर्षं आधी फाटकाबाहेर काढत होते. आत घेतानाच्या कागदावर आणि बाहेर काढतानाच्या कागदावर सही एकाच बाईची होती. परिवीक्षा अधिकारी, मेश्राम मॅडम. चंद्रपूरहून यायच्या, आमच्या फाईली बघायच्या. मी ती सही डोळ्यांत साठवून घेतली.

मी वैनगंगा ओलांडून सीताबाईकडे गेले. सीताबाई आत्राम बालगृहात स्वयंपाक करायची, मग गुडघे दुखायला लागले तशी चामोर्शीजवळच्या आपल्या गावी परतली होती. दोन खोल्या, एक परसू, मागं जंगल. मी पेटी घेऊन दारात उभी राहिले तेव्हा तिनं इतकंच विचारलं, "जेवली का?"

पहिल्या रात्री मी ताट घेऊन चुलीपासून चार हात लांब उभी राहिले. ती हसली. "पोट्टे, रांग कोनाची लावून राह्यली? इथी मीच हाव. बस."

रांगेशिवाय जेवायला शिकायला मला महिना लागला. पहाटे पाचला घंटा नसतानाही जाग यायची आणि मग काय करायचं ते कळायचं नाही. चाळीस जणींच्या श्वासांची सवय लागलेल्या माणसाला एकीचाच श्वास ऐकू आला की भीती वाटते. बाहेर पडणाऱ्या मुलांना राहायला जागा, हाताला काम, हे सगळं लागतं, खरं आहे. पण कुठं उभं राहायचं हे सांगणारं कुणी नसतं, ते आधी लागतं.

श्रावण आला आणि सीताबाई मला जंगलात घेऊन गेली. ओल्या पानांत पाय रुततात, बेटाच्या बुडाशी वाकून बघावं लागतं. कोंब कालपर्यंत नव्हता, आज वीतभर, परवा हातभर. "हात नोको लावू, आंधी पाह्य," ती म्हणायची. "आज कापला तं भाजी. उद्या कापला तरी चालन. परवा कापला तं शिव्या खाजो बाजारात." मी नख मारायला शिकले आणि पंधरा दिवसांत तिच्याहून तरबेज झाले. नुसतं बघून सांगायचे, हा कालचा, हा परवाचा. आणि मनात म्हणायचे, बांबूच्या कोंबाचं वय दोन दिवसांनीही चुकू देत नाहीत, माझं दोन वर्षांनी चुकवलं.

बाजारात टोपली घेऊन बसू लागले. तोंड होतंच. गिऱ्हाईक एक बोललं की मी दोन बोलायचे. मला ते फार आवडायचं. बारा वर्षं जे ताटात पडेल ते खाल्लं होतं. इथं मी "नाई जमत, जा पुढं" असं म्हणू शकत होते.

मेश्राम मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा पाऊस भुरभुरत होता. साडीचे काठ चिखलानं भरलेले, एका हातात छत्री, दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि फॉर्म काढला.

"कशी आहेस, शेवंता? जेवण वेळेवर मिळतं?"

"मिळते."

"झोपायला जागा आहे? कुणी त्रास देतं का?"

"आतापावतर कोनी नाई देल्ला. लिवा सारं चांगलं हाय म्हनून. सही कुठी करू?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि गेल्या.

पुढच्या बाजारी पुन्हा आल्या. दहावीचा निकाल लागला होता. माझी गुणपत्रिका बालगृहात पडून होती, मी घ्यायला गेले नव्हते. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. मॅडम म्हणाल्या, "ऑक्टोबरला परत बसता येतं. फॉर्म मी भरते."

"तुमी भरता तं तुमीच बसा परीक्षेले."

"एकच विषय राहिलाय. सोडू नकोस."

तेव्हा माझं डोकं फिरलं. भर बाजारात उठून उभी राहिले. दाताची गोष्ट, पहिलीची गोष्ट, मठ्ठ, एक जून, दोन्ही कागदांवरची सही, सगळं ओरडून सांगितलं. "सोळा वर्साच्या पोरीले बाहेर काढलं तुमी. आता कायची विचारपूस करून राह्यले?" शेजारची मिरचीवाली हातातली मिरची तशीच धरून ऐकत होती. मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्या फक्त "हं" म्हणाल्या, गुणपत्रिका टोपलीशेजारी कोरड्या जागी ठेवली आणि पावसात चालत्या झाल्या. छत्री उघडायची विसरल्या होत्या.

सीताबाईनं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. "मले काही मालूम नाई," एवढंच म्हणाली, आणि मी काही विचारलेलंच नव्हतं.

मला वाटलं, संपलं. तिसऱ्यांदा कोण येतं? पण पुढच्या बाजारी मान वर केली तर दोन बायकांच्या मागे मॅडम रांगेत उभ्या. फाईल नाही, हातात कापडी पिशवी. पाळी आली तशा माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, एक वास्ता उचलला, त्याच्या शेंड्यात नख खुपसलं आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "जून आहे. अर्ध्या भावात दे."

मी म्हटलं, "शेंड्यात नख मारते का कोनी? शेंडा तं बांबूचाबी कवळा राह्यते. बुडख्यात मारा."

त्यांनी बुडख्यात मारलं. पाणी आलं. "तरी अर्ध्या भावातच दे."

"काऊन?"

"परवडत नाही."

"सरकारी नोकरीवाल्या बाईले परवडत नाई, मंग मिरचीवालीनं काय खावं?"

मिरचीवाली म्हणाली, "माह्या नावानं भाव वाढवू नोको व."

आम्ही चांगल्या भांडलो. मॅडमना भाव करता येत नव्हता. बोललेल्या भावावरून वर चढायच्या ऐवजी मध्येच खाली घसरायच्या, पण सोडत नव्हत्या. शेवटी दोघींनाही न पटणाऱ्या भावाला सौदा झाला. पिशवी भरताना माझ्या लक्षात आलं की मला हसू येतंय. ज्याला तुमची कीव येते तो भाव पाडत नाही. तो दोन पैसे जास्तच टाकून जातो. बालगृहाच्या बारा वर्षांत माझ्याशी कुणी घासाघीस केली नव्हती.

पिशवी घेऊनही त्या उठल्या नाहीत. "घरी सासूबाई रोज म्हणतात, हिला बाजार करता येत नाही. मला शिकव. मी तुला गणित शिकवते."

"अन् फारम?"

"तुझा तू भर. मी पत्ता सांगते."

मी विचार केला. नीट केला, कारण हा सौदा होता. म्हटलं, "दर बाजारी. अन् टोपली सोडून मी हलनार नाई. इथीच शिकवा."

तर असा तो पावसाळा. पोत्यावर वही, वहीवर पावसाचे थेंब, शेकडेवारी आणि सरळव्याज. मॅडम एक उदाहरण घालायच्या आणि मी ते सोडवीपर्यंत टोपली सांभाळायच्या. एकदा मी बीजगणितातून मान वर केली तर टोपली रिकामी. एका बाईला त्यांनी ती म्हणेल त्या भावात सगळे वास्ते देऊन टाकले होते.

"मॅडम, रडली का थे तुमच्यापुढं?"

"मुलगी बाळंतीण आहे म्हणाली. भाजीवर वासना गेलीय."

"त्या बाईले पोरगीच नाई."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग मी त्यांना शिकवलं, समोरच्याच्या तोंडाकडे नाही, पिशवीकडे बघायचं. पिशवी उघडून बसला असेल तर तो घेतल्याशिवाय जात नाही.

एका बाजारी त्या आल्या नाहीत. वैनगंगा फुगली होती, पुलावरून पाणी, गाड्या बंद. मला सगळं माहीत होतं. तरी मी वही काढून बसले आणि प्रत्येक छत्रीकडे बघत राहिले. वाट बघतोय हे स्वतःला कळणं फार वाईट. मला माझाच राग आला. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं, "ऑफिसातून भत्ता भेटत असन तुमाले इथवर याचा."

"तुझी फाईल जूनमध्येच बंद झाली, शेवंता. तू आता दुसऱ्या जिल्ह्यात. इकडे येण्याचं मला काही कारण नाही. रजेच्या दिवशी येते."

"मंग पयल्यांदा थो फारम कायले भरून राह्यल्या होत्या?"

त्या वास्त्याचं टरफल काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कसं यायचं, ते कळत नव्हतं."

ऑक्टोबरच्या उन्हात मी पेपर दिला. पास झाले. निकाल घेऊन मॅडमच आल्या आणि मी पेढे घेतले, भाव करून.

कमलचं तसं झालं नाही. मॅडमनी तिला दोन पत्रं टाकली, एकदा त्या गावापर्यंत गेल्या. मामानं दारातूनच सांगितलं, लग्न झालं तिचं. कुठं, ते सांगितलं नाही. मी अजूनही सिंदेवाहीकडून आलेलं गिऱ्हाईक दिसलं की विचारते. माझ्याकडे कुणी तिसऱ्यांदा येऊ शकलं, कारण मी बाजारात बसले होते, उघड्यावर. तिच्यापुढं एक दार होतं आणि ते दुसऱ्याच्या हातात होतं. कृतज्ञ व्हायचं तर हेही धरून व्हावं लागतं.

परीक्षा संपली तरी मॅडम येत राहिल्या. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. बारावीचा बाहेरून फॉर्म, बँकेत खातं, पहिला हिरडा कुणाला विकायचा, अशी एकेक गोष्ट. मी दर वेळी जुनी तक्रार काढायचे. "दोन वर्सं खाल्ली माही तुमी." त्या "हं" म्हणायच्या आणि पुढचं विचारायच्या.

मग दोन वर्षांनी एक जूनला त्या आल्या. बाजारचा दिवसही नव्हता. सीताबाईच्या अंगणात बसल्या आणि पिशवीतून दोन लिंबं आणि एक पेढा काढला.

"आज तू अठराची झालीस," म्हणाल्या.

मी सुपातला मोह निवडत होते. सूप खाली ठेवलं. "म्हंजे तुमाले मालूम होतं."

"मीच लिहिलं होतं सहा. तू चार वर्षांची होतीस. पोलीस पाटलानं आणून सोडलं होतं. सहाच्या खालचं मूल ठेवायचं नाही, नागपूरला पाठवायचं असा नियम. तिथं जागा नव्हती आणि तुला ताप होता. मी नवी होते नोकरीत. सहा लिहिलं, तू आत गेलीस. ह्यांनी तुला चुलीजवळ निजवलं." त्यांनी सीताबाईकडे हात केला. सीताबाई लिंबू पिळत राहिली.

"मंग बाहेर काढताना सांगाचं होतं ना."

"सांगितलं. वय चुकलंय म्हटलं. साहेबांनी माझंच अक्षर माझ्यापुढं ठेवलं. वर्षानुवर्षं मीच तपासून सही केलेली वही. तेव्हा खोटं लिहिलं, असं लिहून द्या म्हणाले. माझ्यानं झालं नाही. दोन लेकरं होती माझी." मग म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, दोन वर्षं येत राहू."

मी खूप बोलले. मला राग आला की मी थांबत नाही. दोन वर्षं तुमच्यासमोर ओरडत होते आणि तुम्ही नुसतं हं म्हणत होतात. तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस," मॅडम म्हणाल्या. "तू भांडायला बसायचीस. भांडायला का होईना, वही घेऊन बसायचीस. मला तेवढं पुरत होतं."

  सरबत प्यायले. पेढ्याचे तीन तुकडे केले. माझा तुकडा बराच वेळ हातातच होता.

मॅडम पुढं निवृत्त होऊन भद्रावतीला मुलाकडे राहिल्या. दर श्रावणात मी एसटीनं वास्त्यांची टोपली घेऊन जायचे. त्या बरोबर बुडख्यात नख मारायच्या, एखादा जून निघाला तर बाजूला काढून म्हणायच्या, "हा फुकट," आणि मी भांडायचे. आता त्या नाहीत. सीताबाईही नाही. माझा राग मात्र आहे. मठ्ठ म्हणणाऱ्या गुरुजींवर आहे, त्या नियमावर आहे, थोडासा मॅडमवरही आहे. तो आहे म्हणून त्यांचा चेहरा मला इतका स्पष्ट दिसतो.

जन्मतारीख दुरुस्त करून घेता आली असती. ओळखीचे वकील आहेत, कागद होतो. नाही केली. त्या आकड्यानं मला बाहेर काढलं खरं, पण ताप भरलेल्या एका पोरीला आतही त्यानंच घेतलं होतं.

वास्ते चिरून पाण्यात टाकले. उद्या हे कडू पाणी फेकायचं, डाळ घालून शिजवायचे. हात धुऊन दुकानात गेले आणि गल्ल्याखालचा कागद काढला. जन्मतारखेच्या चौकोनात एक जून लिहिलं, मॅडमनी वहीत धरलेल्या सालासकट. मग त्या तीन रेघा. तुम्ही मदत का स्वीकारली?

 शेवटी एकच रेघ पुरली.

मॅडम तिसऱ्यांदा आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि माझ्या मालाचा भाव पाडून मागितला.